बर्लिनला परत जायचंय, मैत्रिणीला भेटायला: डिसेंबर की जून?

जुन्या शहरात परत जायचं ठरलं की सल्ले लगेच सुरू होतात. कुणी म्हणतं नाताळात जा, दिवे आणि बाजार बघायला मिळतील. कुणी म्हणतं जूनमध्ये जा, निदान थंडी तरी नसेल. शहर बघायला जाणाऱ्यासाठी दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण तिथल्या जुन्या मैत्रिणीला भेटणं हा जाण्याचा मुख्य हेतू असेल, तर बघायचं एवढंच, की तिला निवांत वेळ कधी असतो.

मी २००८ ते २०१० बर्लिनला शिकायला होते. नॉयक्योल्न या भागात ही मैत्रीण आणि मी एका घरात भाड्याने राहायचो. टेम्पलहोफचा विमानतळ तिथून जवळ. मी गेले त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तो बंद झाला आणि २०१० च्या मे महिन्यात तिथलं मैदान लोकांसाठी खुलं झालं. ज्या धावपट्टीवरून विमानं उडायची, तिथे आम्ही सायकली चालवल्या. त्यानंतर मी दोनदा बर्लिनला गेले, आधी डिसेंबरात आणि काही वर्षांनी जूनमध्ये. दोन्ही वेळा तिलाच भेटायला.

आधी डिसेंबरचं सांगते. तेव्हा बर्लिनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. नोकरी करणारी बाई अंधारात घराबाहेर पडते आणि अंधारातच परत येते. मैत्रिणीला दोन लहान मुलं आहेत. नाताळापूर्वीचे चार आठवडे त्या घरात आपल्याकडच्या दिवाळीआधीच्या आठवड्यासारखे असतात. ५ तारखेच्या रात्री मुलं बूट पुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात खाऊ मिळतो. मग बालवाडीचा कार्यक्रम, बिस्किटांचे घाणे, भेटवस्तूंची खरेदी. एका रात्री मुलं झोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आईच्या आजारपणाचं ती सांगायला लागली, तेवढ्यात धाकटा उठून आला. तो विषय पुन्हा निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात उभ्या राहून मसाला घातलेली गरम वाइन प्यायलो. कपाची अनामत परत घेतली आणि गर्दीतून वाट काढत घरी आलो. संध्याकाळ छान गेली, पण बोलणं झालं नाही.

ऐन नाताळात तर जाऊच नका. २४ तारखेला दुपारपर्यंत दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला सार्वजनिक सुट्टी असते. लोक आपापल्या आईवडिलांकडे जातात. तुमची मैत्रीण गावी गेलेली असेल, किंवा घरच्या माणसांच्या गोतावळ्यात तुम्हाला सांभाळत बसेल.

आता जून. जूनच्या मध्यावर सूर्यास्त होतो साडेनऊनंतर. हा फरक हवामानाचा वाटतो, पण भेटीचं सगळं गणित याच्यावर बसतं. ती पाचला ऑफिसातून सुटली तरी पुढे चार तास उजेड असतो. तिला माझ्यासाठी रजा काढावी लागली नाही. आठवड्यातले तीन दिवस नवऱ्याने मुलांकडे बघितलं आणि आम्ही लोकलच्या एस १ लाइनने श्लाख्टेनझेला गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच तळं. ती पोहायची, मी काठावर पाय पाण्यात सोडून बसायचे. तिसऱ्या संध्याकाळी ती पाण्यातून बाहेर आली, टॉवेल खांद्यावर घेतला, केस पिळले आणि मी काही विचारायच्या आधीच आईबद्दल बोलायला लागली. शेवटची दोन वर्षं, घर विकणं, भावाशी झालेला अबोला, सगळं. आम्ही तळ्याला चालत पूर्ण फेरी मारली तरी तिचं सांगून संपलं नव्हतं. उजेड होता, घाई नव्हती. केवळ त्या एका संध्याकाळीसाठी मी जून सुचवेन.

जूनमध्ये खाण्याचीही मजा आहे. बर्लिनजवळच्या बेलित्स गावचा पांढरा शतावर (अ‍ॅस्परॅगस) २४ जूनपर्यंतच मिळतो, त्यानंतर शेतकरी काढणी थांबवतात. उकडलेला शतावर, नवे बटाटे आणि वितळलेलं लोणी, एवढंच तिने केलं होतं. जुन्या घरातही ती हेच करायची.

माझं हे मत मुलाबाळांच्या घरापुरतं आहे. मैत्रीण किंवा मित्र एकटा राहत असेल, मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील, तर मी उलट सांगेन. बर्लिनचा हिवाळा एकट्या माणसाला लांबलचक वाटतो, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दारात आलेला जुना माणूस त्याला हवाच असतो. तेव्हा अंधार पडला की सूप करून टेबलाशी बसायचं. बाजार एखादा दिवस पुरे.

मुक्काम कुठे करायचा, हा दुसरा प्रश्न. डिसेंबरात मी आठ रात्री तिच्याच घरी काढल्या, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर. सकाळी सहाला मुलांची शाळेची गडबड माझ्या डोक्याशी सुरू व्हायची, आणि ती माझ्यामुळे दबक्या पावलांनी वावरायची. पाहुणा आणि मासा तीन दिवसांनी वास मारतात, असं जर्मन लोक म्हणतात. आपल्याकडेही एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असं म्हणतातच. जूनमध्ये मी पहिल्या दोन रात्री तिच्याकडे राहिले आणि मग तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर खोली घेतली. पैसे जास्त गेले, पण संध्याकाळी ती माझ्याकडे यायची तेव्हा तिचं घर मागे राहिलेलं असायचं. तुम्हालाही हेच सुचवेन. मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वस्त हॉटेल घेऊ नका, कारण अर्धी संध्याकाळ गाडीत जाते.

खर्च कोण करणार, याचा व्हिसाच्या कागदांवरही परिणाम होतो. तुमचा खर्च मैत्रीण करणार असेल, तर तिला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पगाराचे कागद दाखवून हमीपत्र करावं लागतं. खर्च आपला आपण करणार असू, तर तिचं साधं निमंत्रणपत्र आणि आपले बँकेचे कागद पुढे करता येतात. मी दोन्ही वेळा हेच केलं, तिची एक खेप वाचली. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच करा, कारण पुढे आपल्याकडची उन्हाळी सुट्टीची गर्दी सुरू होते.

न्यायच्या खाऊबद्दल थोडं. जूनचं म्हटलं की हापूसची पेटी न्यावीशी वाटते, पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबा युरोपीय संघात नेता येत नाही. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी आणि साजूक तूप घरीच ठेवायचं. मी चकल्या आणि पोह्यांचा चिवडा नेला. तिच्या मुलांनी चकल्या बोटांत अंगठ्यांसारख्या घालून खाल्ल्या.

संग्रहालयांसाठी तारखा ठरवू नका. परगामोन २०२३ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि बाकीची दोन्ही मोसमांत उघडी असतात. टेम्पलहोफचं मैदान मात्र सूर्यास्ताबरोबर बंद होतं, त्यामुळे डिसेंबरात तिच्या ऑफिसनंतर तिथे जाता आलं नाही. जूनमध्ये गेलो. भाड्याच्या सायकली घेतल्या आणि त्याच धावपट्टीवर शेवटपर्यंत जाऊन आलो.

तिकिटाआधी तिला फोन करा आणि मुलांच्या शाळेची उन्हाळी सुट्टी कधी लागते ते विचारा. ती दरवर्षी वेगळ्या तारखेला लागते, आणि लागली की घरंच्या घरं समुद्रावर निघून जातात. उन्हाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपल्या रात्री साडेनऊला तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, तेव्हा ती फोन घेईल.