पैठणीच्या फोटोपायी गेलेले १८,१२९ रुपये

समाजमाध्यमावरची जाहिरात पाहून लेकीच्या लग्नासाठी मागवलेल्या पैठणीपायी माझे १८,१२९ रुपये गेले. साडीचे १४,८५०, विमा आणि पाठवणीचे ७८०, आणि पैसे परत करण्याची प्रक्रिया म्हणून पुन्हा उकळलेले २,४९९. पार्सलमधून निघाली ती पॉलिएस्टरवर मोर छापलेली साडी. टोकाचा दोरा जाळून पाहिला, तर जळक्या केसांचा वास येऊन राख होण्याऐवजी तो वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. त्यानंतर विक्रेत्याचा फोन बंद, माझा नंबर ब्लॉक, हे सगळे आपण जाणताच.

मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. ही जाहिरात दिसण्यापूर्वी आम्ही मायलेकी येवल्याला जाऊन एका विणकराच्या घरी हातमागावरची अस्सल पैठणी पाहून आलो होतो. किंमत २६,५०० रुपये. ती आम्हा दोघींनाही फिकी वाटली, आणि हे आठवले की आजही संताप होतो. कारण कित्येक महिने मोबाइलवर आम्ही ज्या पैठण्या पाहत होतो, त्यांची जरीची तार दिव्यासारखी आतून उजळत असे आणि नेसणारीच्या निऱ्यांची एकही घडी कधी विस्कटलेली नसे. त्या साड्या कुणी विणलेल्याच नव्हत्या. ती संगणकाने रचलेली चित्रे होती. अशा चित्रांना सरावलेल्या नजरेला खरी जरीची तार मंद दिसते आणि हातविणीतला किंचित कमीजास्तपणा, जो खरे तर अस्सलपणाची खूण आहे, तोच दोष वाटू लागतो.

जाहिरातीत एक व्हिडिओ होता. मागावर बसलेले म्हातारे विणकर एकच धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी नळी, या टोकाकडून त्या टोकाला फेकत होते आणि पदरावर चार रंगांचा बांगडीमोर, म्हणजे बांगडीसारख्या वर्तुळातला मोर, आपोआप उमटत होता. तिथेच थांबायला हवे होते. पदराच्या नक्षीत रंगागणिक वेगळा दोरा हाताने गुंतवावा लागतो, हे येवल्याला मी डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय एका फोटोत पदरावर चार मोर होते आणि त्याच साडीच्या दुसऱ्या फोटोत तीन. पण मी निष्काळजी नव्हते. पैठणीला २०१० मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख आणि रेशमाच्या शुद्धतेचे सिल्क मार्कचे लेबल, दोन्ही त्या चित्रात होते, आणि चित्र संगणकनिर्मित असल्याचा एक शब्दही कुठे नव्हता. लेबलावरची बारीक अक्षरे मोठी करून वाचून पाहा. बनावट चित्रात बहुधा तिथेच निरर्थक रेघा निघतात.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले की वस्तू मिळाली आहे, मग फसवणूक कसली? पुढे, हा दिवाणी वाद आहे. मग, विक्रेत्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला असल्याने तिकडे जा. वास्तविक फसवणुकीसारखा दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते मी सांगितल्यावर समोरच्या अधिकाऱ्याचा आवाज चढला. बँकेने, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, असे उत्तर दिले. ज्या समाजमाध्यमाने पैसे घेऊन ही जाहिरात माझ्यापर्यंत पोहोचवली, त्याने धोरणाचे उल्लंघन आढळले नाही असे कळवले. अस्तित्वातच नसलेल्या साडीचे चित्र दाखवून पैसे घेणे उल्लंघन नसेल, तर उल्लंघन म्हणायचे कशाला? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या स्पष्ट असताना प्रत्येक कार्यालय मला पुढच्या कार्यालयाचे दार दाखवत राहिले, आणि ती जाहिरात आजही दुसऱ्या नावाने, तेच म्हातारे विणकर दाखवत, १२,९९९ रुपयांना सुरू आहे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढे वळवले जाण्याआधी तक्रार झाली तरच ते गोठवता येण्याची शक्यता असते. परताव्यासाठी कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण ती नाहीशी होते. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझी तक्रार आता तिथे दाखल आहे. आणि पैठणी घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर पदर उलटा करून दाखवायला सांगा. हातमागाच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. तो टाळाटाळ करू लागला, तर तिथेच फोन ठेवा.