झाडांचं छत्र मोजायचं कसं: उपग्रहाने की नळीने?

भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रह-नकाशा जिल्हाभराचं चित्र एका दमात देतो. किमान एक हेक्टरचा पट्टा आणि त्यातल्या किमान १० टक्के जमिनीवर पानाफांद्यांचं छत्र असेल तर ते वनाच्छादन. १० ते ४० टक्के विरळ, ७० पर्यंत मध्यम, त्यापुढे अतिदाट. पण झाड कडुनिंबाचं की गिरिपुष्पाचं, हे त्यात कळत नाही.

नळीचं काम हातचं आहे. पाइपच्या तुकड्याच्या टोकाला दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधायचे, ठरावीक पावलांवर थांबून त्यातून सरळ वर बघायचं. फुलीवर पान आलं की खूण करायची. १०० जागी ४५ खुणा, म्हणजे ४५ टक्के छत्र. सोलापूरच्या सिद्धेश्वर वनविहारात शाळेची पोरंसुद्धा हे करतील. फक्त पावसाळा सरताच मोजा. फाल्गुनातल्या पानगळीत आकडा खाली येतो.

प्रभागासाठी मी नळीच घेईन, कारण झाडाची जात आणि बुंध्याचा घेरही तिथेच नोंदता येतो, आणि साठलेल्या कार्बनचा अंदाज त्यावरूनच बांधतात. जिल्ह्याची वर्षानुवर्षांची तुलना हवी असेल तर उपग्रहाला पर्याय नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र दोन्ही आकडे जपून वाचावेत. माळढोक पक्ष्याला मोकळं गवताळ माळरान लागतं; तिथे छत्र वाढणं हे नुकसानच आहे.