टीम लीड असाल तर ही डोळ्यांवरची पट्टी घ्याच
१२ जणांची टीम सांभाळतो, दुपारी झोपणं म्हणजे गुन्हाच वाटायचा, पण ही पट्टी घेतल्यापासून जेवण झालं की केबिनचं दार लावून २० मिनिटं आडवा होतोच. अलार्म लावा मात्र, पाऊण तास गेला की गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं इतकं जड की समोरचा काय बोलतोय तेच कळत नाही (एकदा तसाच मीटिंगला गेलो, जाऊ दे). डोळ्यांजवळ खोलगट आहे, पापण्या दबत नाहीत, अंधार एकदम गुडुप. चारनंतर टीमवर उगाच खेकसायचो ते बरंच कमी झालंय. रात्रीच्या ७ तासांना हा पर्याय नाही हां. इलास्टिक महिन्यात सैल पडलं, गाठ मारून चालवतोय, त्याचा एक स्टार कापला.