राजापूरच्या कसोटीवर निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल

भारत निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो आणि पहिल्या लोकसभेपासूनचे हे सारे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. एखाद्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास जुळवायचा असेल तर ही सेवा कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी कोकणातला राजापूर मतदारसंघ निवडला. या मतदारसंघाला देशभर ओळखले गेलेले खासदार लाभले, तिथे पक्षांची नावे वारंवार बदलली, आणि २००८ च्या पुनर्रचनेत त्याचे नावच यादीतून गेले, त्यामुळे अहवालांचे गुण आणि उणिवा दोन्ही इथे लवकर उघड होतात. अहवालातील आकड्यांवर विसंबून राहता येते, मात्र मतदारसंघ म्हणजे सलग चालत आलेली एक गोष्ट आहे हे अहवालाच्या गावीही नसते. त्याच्या लेखी प्रत्येक निवडणूक नव्याने सुरू होते आणि तिथेच संपते.

आधी मांडणीविषयी. जुन्या निवडणुकांच्या पहिल्या खंडात राष्ट्रीय व राज्यवार गोषवारा आणि विजयी उमेदवारांची यादी असते. दुसऱ्या खंडात मतदारसंघनिहाय एकेक तक्ता असतो. त्यात एकूण मतदार, प्रत्यक्ष मतदान, बाद मते, मतदान केंद्रे, किती अर्ज आले, किती फेटाळले, किती जणांनी माघार घेतली आणि किती जणांची अनामत रक्कम जप्त झाली, हे सगळे मिळते. नंतरच्या काही निवडणुकांसाठी विधानसभा क्षेत्रनिहाय मतांचा स्वतंत्र खंडही आहे, आणि अलीकडच्या सारण्या एक्सेलमध्ये मिळत असल्याने बेरीज-वजाबाकी हाताने करावी लागत नाही. उमेदवारांची नावे रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत असतात; कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे नुसती आद्याक्षरे. त्यामुळे एखादे नाव शोधून सगळ्या निवडणुका एका दमात काढू म्हटले तर ते साधत नाही.

पक्षाचा रकाना वाचताना सर्वाधिक सावध राहावे लागते, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे मधू दंडवते. राजापूरमधून ते १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा निवडून आले. अहवालात मात्र १९७१ ला त्यांच्या नावापुढे प्रजा समाजवादी पक्षाची आद्याक्षरे दिसतात, १९७७ ला 'बीएलडी' म्हणजे भारतीय लोकदल, १९८० आणि १९८४ ला जनता पक्ष, तर १९८९ ला जनता दल. पार्श्वभूमी ठाऊक नसलेला वाचक म्हणेल की या गृहस्थांनी दर थोड्या वर्षांनी पक्ष बदलला. प्रत्यक्षात १९७७ च्या निवडणुकीला जनता पक्ष घाईने उभा राहिला होता आणि त्याचे उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढले, म्हणून आयोगाच्या दफ्तरी देशभरातील जनता लाट भारतीय लोकदलाच्या नावावर जमा आहे. अहवालात याबद्दल एका ओळीची तळटीप दिली असती तरी पुष्कळ घोटाळा टळला असता.

मात्र हेच तक्ते शेजारी शेजारी ठेवले की जे दिसते ते दुसरीकडे सहज हाती लागत नाही. १९७१ ला इंदिरा गांधींच्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाच्या वाट्याला देशभरात केवळ दोन जागा आल्या, त्यातली एक राजापूर. १९८४ ला काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या, तेव्हाही राजापूर दंडवत्यांकडेच राहिले. राज्याच्या गोषवाऱ्यातला जनता पक्षाचा बारीकसा आकडा आणि मतदारसंघाच्या पानावरचे हे नाव एकत्र वाचले म्हणजे कोकणच्या या टोकाला राज्याच्या वाऱ्याशी फारसे देणेघेणे नव्हते, हे भाष्याविना कळते. मला या अहवालांचे खरे सामर्थ्य इथेच वाटते.

आता एक अशी जागा, जिथे अहवाल अगदीच मुका आहे. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै राजापूरमधून विजयी झाले. १९७१ च्या तक्त्यात ते नाहीत. त्यांचे निधन १८ जानेवारी १९७१ रोजी झाले. लोकसभा त्याआधीच, २७ डिसेंबर १९७० रोजी, विसर्जित झालेली असल्याने पोटनिवडणुकीचा प्रश्नच उद्भवला नाही आणि मार्चमधील सार्वत्रिक निवडणुकीत दंडवते उभे राहिले. एका समाजवाद्याच्या जागी दुसरा समाजवादी, हे संक्रमण ज्या धक्क्यातून झाले त्याचा मागमूस तक्त्यात नाही. सांख्यिकी अहवालाने चरित्र सांगावे अशी अपेक्षा अर्थातच नाही. पण पोटनिवडणुका जिथे झाल्या तिथेही सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात त्या नसतात, ही अडचण अधिक गंभीर आहे. १९९१ च्या अहवालात बारामतीचे विजयी उमेदवार अजित पवार आहेत. त्यांनी त्याच वर्षी जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत शरद पवार निवडून आले, हे समजायला दुसरीकडे जावे लागते. साताऱ्याची २०१९ ची पोटनिवडणूकही अशीच निराळी शोधावी लागते.

सुरुवातीच्या दोन निवडणुका तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहेत. १९५२ ला राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हताच; मुंबई राज्यातील रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. आझाद हिंद सेनेत मोठ्या पदावर काम केलेले जगन्नाथराव भोसले मूळचे सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे, पण ते निवडून आले उत्तरेकडून. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झंझावातात राजापूर प्रजा समाजवाद्यांकडे आणि शेजारचे रत्नागिरी जनसंघाचे प्रेमजीभाई आसर यांच्याकडे गेले. त्या वर्षी जनसंघाने देशात चारच जागा जिंकल्या होत्या, त्यांतली एक ही, हे आज रत्नागिरीतल्या पुष्कळांना सांगूनही पटत नाही. अहवालात मात्र 'समिती' असा शब्द सापडणार नाही. घटक पक्ष आपापल्या नावाने विखुरलेले आहेत. तक्ते चाळून संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा अंदाज घेऊ पाहणाऱ्याने ही बेरीज स्वतःच करायची आहे.

१९९१ पासूनचा भाग वाचायला सोपा आहे. त्या वर्षी काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि दंडवत्यांची दोन दशकांची मालिका खंडित झाली. १९९६ पासून २००४ पर्यंत चारही निवडणुका शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी जिंकल्या. दंडवते आणि प्रभू हे राजापूरचे दोन खासदार रेल्वेमंत्री झाले. प्रभू मात्र रेल्वेमंत्री असताना राज्यसभेचे सदस्य होते.

खरा तुटकपणा येतो तो २००८ ला. पुनर्रचनेपूर्वी महाराष्ट्राच्या यादीत राजापूरचा क्रमांक पहिला होता; नवी यादी नंदुरबारपासून सुरू होते आणि तीत रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६ व्या क्रमांकावर आहे. केवळ क्रमांक लावून जुन्या-नव्या एक्सेल पत्रकांची जोडणी करणाऱ्याच्या पदरात राजापूरपुढे नंदुरबार पडेल. जुने राजापूर आणि नवे रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे एकच आहेत असेही धरून चालत नाही. नव्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर ही रत्नागिरी जिल्ह्यातली आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही सिंधुदुर्गातली अशी सहा विधानसभा क्षेत्रे आहेत. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. मालवण, वेंगुर्ले, देवगड ही विधानसभा क्षेत्रे म्हणून उरलीच नाहीत. त्यामुळे २००४ ची आणि २००९ ची मतांची टक्केवारी एकाच आलेखात दाखवणे म्हणजे वाचकाची फसवणूक आहे, आणि हौशी लेखनात ती सर्रास होते. हा धोका टाळायचा तर अहवालासोबत पुनर्रचनेचा आदेश उघडून बसावे लागते, कारण कोणता तालुका आणि कोणते महसूल मंडळ कुठे गेले ते त्यातच दिलेले आहे.

२००९ पासूनचे आकडे तुलनेला योग्य आहेत, कारण तेव्हापासून हद्द बदललेली नाही. त्या वर्षी काँग्रेसचे निलेश राणे यांनी सुरेश प्रभूंना ४६,७५० मतांनी हरवले. २०१४ ला शिवसेनेचे विनायक राऊत यांनी राणे यांचा १,५०,०५१ मतांनी आणि २०१९ ला, राणे तेव्हा महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून उभे होते, १,७८,३२२ मतांनी पराभव केला. २०२४ ला भाजपचे नारायण राणे यांना ४,४८,५१४ आणि शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाकडून लढलेल्या राऊत यांना ४,००,६५६ मते मिळाली. फरक ४७,८५८ चा. पक्ष फुटून चिन्ह गेल्यानंतरही राऊत यांची मते २०१९ च्या तुलनेत सत्तावन्न हजारांच्या आसपासच घटली, हे निकालाच्या बातम्यांत विजयाच्या गदारोळात हरवून गेले होते. दोन सारण्या समोर ठेवल्या की ते लगेच डोळ्यांत भरते.

मतदान केंद्रनिहाय तपशील हवा असेल तर या अहवालांत तो नाही. त्यासाठी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडील नमुना २० पाहावा लागतो. एका विधानसभा क्षेत्राची पाने पुष्कळ असतात, एका ओळीत एक केंद्र, आणि उमेदवारांच्या रकान्यांवर नावे इतक्या बारीक आडव्या अक्षरांत की मोठे करून वाचावे. पण २०२४ ची लढत समजून घ्यायची तर तेवढे श्रम घेणे भाग आहे. उत्तरेकडच्या चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तीन क्षेत्रांत राऊत पुढे राहिले आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या तीन क्षेत्रांनी राण्यांना तारले.