चिन्हामागचे हवामान: फोनवरच्या ॲपची ऐन हिवाळ्यातली परीक्षा

नवा फोन घेतला की हवामानाचे ॲप त्यात आधीपासूनच असते. बहुतेक जण ते उघडतात, सूर्याचे किंवा ढगाचे चिन्ह पाहतात, शेजारचा आकडा वाचतात आणि बंद करतात. स्वच्छ आकाशाच्या एकसारख्या दिवसांत तेवढे पुरतेही, पण असे दिवस ॲपची पारख करण्याच्या कामाचे नसतात. गेला आठवडा मात्र त्यासाठी अगदी योग्य होता. आरंभी कोरडा, बोचरा गारठा पडला, मग आकाश भरून येऊन एका रात्रीत हवा उबदार झाली, पाठोपाठ अवकाळी पाऊस आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहर धुक्यात बुडाले. मी भूगोल विषय घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सकाळच्या तासांसाठी मला उजाडण्याच्या सुमारास दुचाकीवरून निघावे लागते, त्यामुळे या ॲपवर माझी भिस्त खरोखरची आहे. शिवाय आमच्या विभागाच्या आवारात नोंदी घेण्याची उपकरणे असल्याने त्याचे आकडे पडताळूनही पाहता आले. माझे मत आधीच सांगते: तापमानासाठी हे ॲप विश्वासाचे आहे, पावसासाठी अर्धवट आहे आणि धुक्यासाठी, निदान पहिल्या पडद्यापुरते, निरुपयोगी आहे. मात्र आतल्या पानांवर ते जे सांगते ते पहिल्या पडद्यावरच्या चिन्हापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, आणि तेच सहसा कोणी उघडत नाही.

प्रथम तापमान. आमच्या आवारात हिरवळीवर चार पायांची, पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंती असलेली लाकडी पेटी आहे. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. आतील तापमापके जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर राहतात, त्यांच्यावर थेट ऊन पडत नाही आणि हवा मात्र खेळती राहते. जगभर हवेचे तापमान याच पद्धतीने मोजले जात आले असल्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडता येतो. किमान तापमानाच्या आडव्या नळीत अल्कोहोल असते आणि त्यात काचेची एक बारीक काडी तरंगत असते. तापमान उतरू लागले की द्रवाचा पृष्ठभाग त्या काडीला मागे ओढत नेतो, तापमान पुन्हा चढू लागले की द्रव तिला ओलांडून पुढे जातो आणि काडी जागीच राहते. सकाळी पेटीचे दार उघडून त्या काडीचे फुग्यापासून (नळीच्या टोकाशी असलेल्या द्रवाच्या गोळ्यापासून) दूर असलेले टोक कोणत्या रेघेवर आहे ते वाचायचे आणि नळी तिरकी करून काडी पुन्हा द्रवाच्या पृष्ठभागाला टेकवायची, असे हे काम असते.

गारठ्याच्या दिवसांत ॲप किमान तापमान 11 अंश सेल्सिअस दाखवीत होते आणि काडी मात्र 8 अंशांवर थांबलेली दिसत होती. हा फरक ॲपचा दोष म्हणून मोजणे मला अन्यायाचे वाटते. अशी ॲप अंदाज स्वतः तयार करीत नाहीत. त्यांचा आधार प्रामुख्याने जागतिक संगणकीय प्रारूपांवर, म्हणजे आजच्या नोंदींवरून पुढचे हवामान गणिताने काढणाऱ्या संगणकीय मांडणीवर असतो. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राचे प्रारूप पृथ्वी सुमारे 9 किलोमीटरच्या चौकटींत विभागते, अमेरिकेचे जागतिक प्रारूप सुमारे 13 किलोमीटरच्या. एवढ्या चौकटीत गजबजलेली पेठ, काँक्रीटच्या इमारती, ओढा आणि आमचे मोकळे मैदान असे सगळेच येते, आणि निरभ्र, निवांत रात्री ही ठिकाणे एकसारखी थंड होत नाहीत. शहराच्या मध्यभागी रात्री आसपासच्या मोकळ्या भागापेक्षा उबदार असतात, हे ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या नोंदींवरून दाखवून दिले होते. ढगांना आज वापरात असलेली लॅटिन नावे देणारे हॉवर्ड ते हेच. एकदा आपल्या जागेचा हा फरक लक्षात आला की ॲपच्या आकड्यातून तो वजा करून पुढे जाता येते.

आकाश भरून आले त्या रात्रीचा अंदाज तर ॲपने फारच चांगला वर्तवला. किमान तापमान एका रात्रीत पाच-सहा अंशांनी चढेल, असे ते दोन दिवस आधीपासून सांगत होते, आणि तसेच घडले. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात सोडत राहते. ढगांचे आवरण असेल तर ते त्यातला बराचसा भाग शोषून पुन्हा खाली पाठवते. ढग केव्हा येतील हे दोन दिवस आधी ओळखणे हे या प्रारूपांचे मोठे यश आहे, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. गेल्या काही दशकांत अंदाजांचा पल्ला दर दशकाला साधारण एका दिवसाने वाढत आला आहे.

'जाणवणारे तापमान' या ओळीबद्दल मात्र दुचाकीस्वारांना सावध करावेसे वाटते. थंडीत हा आकडा अनेकदा वाऱ्याच्या गारव्याच्या सूत्रावरून काढलेला असतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी 2001 मध्ये स्वीकारलेले सूत्र 10 अंश आणि त्याखालील तापमानासाठी आहे आणि त्यात चालणाऱ्या माणसाचा उघडा चेहरा गृहीत धरलेला आहे. वारा पडलेला असेल तर हवेचे तापमान आणि जाणवणारे तापमान यांत ॲप काहीच फरक दाखवत नाही, आणि चालणाऱ्यासाठी ते बरोबरही आहे. पण ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी व्यक्ती स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करते. हवा 8 अंशांची आणि वारा ताशी 40 किलोमीटरचा असेल, तर हेच सूत्र सुमारे 3 अंश असे उत्तर देते. हातमोजे घालायचे की नाही हे ठरवताना ॲपच्या त्या ओळीकडे पाहू नये. प्रवासाचे साधन विचारून त्याप्रमाणे हा आकडा बदलण्याची सोय देणे मुळीच अवघड नाही, आणि ती अजून नाही याचे मला नवल वाटते.

आता पाऊस. इथे ॲपबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. गुरुवारच्या रकान्यात थेंबांचे चिन्ह आठवड्याच्या सुरुवातीपासून होते आणि त्याखालची टक्केवारी सकाळ-संध्याकाळ बदलत होती: कधी 20, कधी 60, पुन्हा 30. माझ्या वर्गातल्या अनेकांनी त्यावरून 'हे काहीही सांगते' असा निष्कर्ष काढला. खरे तर टक्केवारीचे हलणे हा प्रामाणिकपणा आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1961 मध्ये हवामानाच्या प्रारूपासाठी संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा दिला, तेव्हा काही काळानंतरचे हवामान पूर्णपणे वेगळे निघाले. सुरुवातीच्या मोजमापातील सूक्ष्म फरक पुढे इतका वाढतो. म्हणूनच 1992 पासून युरोपचे केंद्र एकाच वेळी अनेक अंदाज काढते. आज त्यांची संख्या 51 आहे. त्यांतला एक मूळ आणि उरलेले 50 किंचित बदललेल्या आरंभस्थितीवरून काढलेले असतात. त्यांपैकी किती अंदाजांत पाऊस पडतो, यावरून शक्यता ठरवता येते. 40 टक्के म्हणजे दिवसाचा 40 टक्के वेळ पाऊस नव्हे, की शहराच्या 40 टक्के भागात पाऊसही नव्हे. तुम्ही उभे आहात त्या जागी त्या कालावधीत मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता आहे.

हे सगळे ज्ञान हाताशी असूनही ॲप पहिल्या पडद्यावर काय करते? दिवसभरातले सर्वांत वाईट हवामान निवडते आणि त्याचे चिन्ह संपूर्ण दिवसावर चिकटवते. त्या चिन्हावर विसंबून आमची गुरुवार सकाळची क्षेत्रभेट पुढे ढकलली गेली; प्रत्यक्षात सकाळ कोरडी गेली आणि दुपारी उशिरा एक सर आली. तासवार पान उघडले असते, तर सकाळच्या रकान्यांत शक्यता नगण्य आणि दुपारनंतर चढती असल्याचे आदल्या रात्रीच दिसत होते. ज्या माहितीवर लोक आपला दिवस आखतात, ती माहिती जवळ असताना तिच्यावर एक ढोबळ चिन्ह ठेवून देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. 'थोड्याच वेळात पाऊस सुरू होईल' ही सूचनाही त्या दिवशी पाऊस सुरू झाल्यावर आली. अशा सूचना बहुधा रडारच्या चित्रांवरून सरींची वाटचाल पुढे वाढवून दिल्या जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारचा झोत जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच जातो, आणि हिवाळ्यातले कमी उंचीचे ढग त्याच्या खालीच राहून जातात. त्यामुळे रडारपासून लांब असलेल्यांनी थंडीच्या दिवसांत या सूचनेवर विसंबू नये.

पाऊस ओसरल्यावर रात्री आकाश निवळले, वारा पडला, आणि जमीन ओली होती. धुक्याला याहून पोषक परिस्थिती नसते. तरीही शुक्रवारच्या रकान्यात ॲपने पूर्ण पिवळा सूर्य दाखवला होता. सकाळी निघाले तेव्हा रस्त्यापलीकडची इमारत दिसत नव्हती, हेल्मेटच्या काचेवर दर काही क्षणांनी थेंबांचा थर जमत होता आणि समोरची वाहने दिवा दिसण्याआधी आवाजाने कळत होती. दृश्यमानता 1 किलोमीटरच्या खाली गेली की त्याला धुके म्हणतात; इथे ती काही पावलांवर येऊन ठेपली होती. प्रारूपाची अडचण मी समजू शकते. धुक्याचा थर कित्येकदा काही दहा मीटरच जाड असतो आणि तलावाकाठी, सखल भागात तो आधी धरतो. 9 किलोमीटरच्या चौकटीत अशी सखल जागा मावून दिसेनाशी होते.

पण त्याच ॲपच्या आतल्या पानावर रात्री दहा वाजता तापमान 13 अंश, दवबिंदू 12 अंश, वारा जवळजवळ शून्य आणि ढग शून्य असे लिहिलेले होते. हवा ज्या तापमानाला थंड झाली असता तिच्यातली वाफ दवात बदलू लागते, तो दवबिंदू. किमान तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या आसपास येते, म्हणजे पारा उतरायला अख्खी रात्र शिल्लक होती आणि अंतर होते एका अंशाचे. हे चार आकडे एकत्र वाचले की पहाटे धुके दाटण्याची दाट शक्यता आहे, हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येते. ॲपला 'धुक्याची शक्यता' असे दोन शब्द सूर्याच्या चिन्हाखाली लिहिता आले असते. तेवढ्या दोन शब्दांनी पहाटे वाहन घेऊन निघणाऱ्या किती तरी जणांना थोडे उशिरा निघण्याचा विचार करता आला असता.

इतर बाबींबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ॲप हलके आहे, मराठी भाषांतर बऱ्यापैकी आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण स्पष्ट आहे. ठिकाण ओळखण्याची परवानगी केवळ वापरताना दिली तरी ते नीट चालते.

मी त्याला पाचपैकी तीन तारे देते आणि ते फोनवर ठेवणार आहे. मुख्य पडद्यावरचा दिवसाचा रकाना मात्र काढून तिथे तासवार पट्टी आणि दवबिंदू लावले आहेत. ॲपच्या मांडणीच्या पर्यायांत ही सोय आहे. ज्यांना उजाडण्यापूर्वी लांब जायचे असते, त्यांनी रात्री झोपण्याआधी आपल्या देशाच्या हवामान खात्याचा इशारा स्वतंत्रपणे पाहावा, कारण तिथे विमानतळांवरच्या दृश्यमानतेच्या नोंदी आणि उपग्रहाची चित्रे समोर ठेवून माणूस अंदाज तपासतो, आणि पाऊस पडून गेलेल्या निरभ्र रात्री तर हे आवर्जून करावे.