अबोल, घुमा की मितभाषी? ऑनलाइन मोल्सवर्थ किती कामाचा

कमी बोलणाऱ्या माणसाला मराठीत शब्द पुष्कळ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. 'मितभाषी' सत्काराच्या भाषणात शोभतो. 'अबोल'मध्ये माया आहे. 'घुमा' म्हटलं की तक्रार आलीच, याच्या मनाचा थांग लागत नाही अशी. 'आतल्या गाठीचा' म्हणताना तर संशयच असतो. 'मुखदुर्बळ' बिचारा वेगळा. त्याला बोलायचं असतं, पण ऐन वेळी तोंड उघडत नाही.

हे शब्द हुडकायला शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) फार उपयोगी. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. अनुवादकांसाठी त्यातली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे नोंदींच्या पूर्ण मजकुरात शोध. 'टॅसिटर्न' किंवा 'रिझर्व्ड' असा इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाका, ज्यांच्या अर्थामध्ये तो शब्द आला आहे अशा मराठी नोंदी समोर येतात. म्हणजे कोश उलटाही चालवता येतो.

अडतं ते जुन्या लेखनापाशी. क्रियापदं तिथे 'घुमणें', 'बोलणें' अशी अनुस्वारासह आहेत. आजच्या पद्धतीने 'घुमणे' लिहून नोंद सापडली नाही, तर शब्द नाही असं समजू नका. अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. नोंदीतलं 'एस' हे अक्षर संस्कृत शब्दाची खूण आहे.

कोश हाताशी असूनही एक चूक सर्रास होते: 'तो फार अबोला आहे'. 'अबोला' हे नाम. तो भांडणानंतर दोघांत असतो, धरतात आणि सोडतात. स्वभावाशी त्याचा संबंध नाही. विशेषण 'अबोल', आणि ते लिंगाप्रमाणे बदलत नाही: अबोल मुलगा, अबोल मुलगी. 'अबोली' झाली की ते फूल. 'घुमा' मात्र बदलतो: घुमा, घुमी, घुमं.

उणीव मोठी आहे ती अशी, की अर्थ इंग्रजीत आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे. आज एखादा शब्द तोंडावर म्हटला तर समोरचा दुखावेल का, हे त्यातून कळणार नाही. मराठीतून अर्थ हवा तर त्याच संकेतस्थळावर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. मोल्सवर्थमध्ये शब्द हेरावा, दाते-कर्व्यांत पडताळावा, आणि 'घुमा' कुणाच्या परिचयपत्रात लिहू नये.