गन सेफ घेताना आधी पत्र्याची जाडी विचारा

अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत ‘चोवीस बंदुकांची’ म्हणून जी उभी गन सेफ मिळते, तिच्याबद्दल हे लिहितो आहे. टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत ती बंदुकीइतकीच पाटल्या-बांगड्यांसाठीही घेतली जाते. भारतीयांच्या घरी सोनं असतं हे तिथल्या चोरांना चांगलं ठाऊक झालंय. त्यामुळे स्पष्ट सांगायला हवं: ही तिजोरी नव्हे, कुलूपबंद पोलादी कपाट आहे. नीट बसवलं तर फार कामाचं. नुसतं आणून उभं केलं तर हातगाडीवर घालून नेता येतं.

दाराच्या आतल्या बाजूचं यूएलचं, म्हणजे उत्पादनांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं, लेबल वाचा. बहुतेकांवर ‘रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर’, म्हणजे आरएससी असतं. त्याच्या पहिल्या पातळीची चाचणी अशी: एक माणूस, दीड फुटी कटावणी, तीन पौंडांपर्यंतचा हातोडा, स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, आणि प्रत्यक्ष हत्यार चालवण्याची पाच मिनिटं. दुसऱ्या पातळीला दोन माणसं आणि दहा मिनिटं. खरी तिजोरी यूएलच्याच टीएल-१५ या दर्जापासून सुरू होते. तिचं दार ग्राइंडरसारख्या धातू कापणाऱ्या हत्यारांपुढेही पंधरा मिनिटं टिकावं लागतं. तिची किंमत आणि वजन दोन्ही बरंच जास्त.

आता पत्रा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १४ गेज म्हणजे जेमतेम १.९ मिलिमीटर, १२ गेज २.७, १० गेज ३.४. दुकानात दाराची जाडी कौतुकाने दाखवतात, पण दारात बराचसा जिप्सम बोर्ड असतो. तो आगीसाठी आहे. चोराला तो अडवत नाही. बाजूचा १२ गेजचा पत्रा साडेचार इंची बॅटरीवरच्या ग्राइंडरने काही मिनिटांत कापला जातो, मागचा जिप्सम तर सुरीनेही निघतो. १० गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका. ‘चोवीस बंदुका’ हा आकडाही धरू नका. दुर्बीण लावलेल्या रायफली असतील तर निम्म्याच नीट मावतात.

दाराच्या कडेने बाहेर येणाऱ्या बोल्टच्या संख्येवरही भाळू नका. कटावणीने दार उचकटताना जाडजूड बोल्ट तुटत नाही, तो ज्या पट्टीत बसवलाय ती वाकते. दुकानातच बघा: दार उघडं ठेवून हँडल फिरवा, बोल्ट बाहेर आले की एकेक हाताने आडवा दाबा. पट्टी लवली तर ती सेफ सोडून द्या. मग दार लावून चौकटीतली फट पाहा. क्रेडिट कार्ड सैलसर सरकत असेल तर कटावणीचं टोकही शिरेल. बिजागऱ्या बाहेर दिसतात म्हणून मात्र घाबरू नका. त्या कापल्या तरी त्या बाजूचे बोल्ट किंवा पट्टी दार धरून ठेवतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जमिनीला जखडण्याकडे. सेफ आडवी पाडली की दोघं जण लांब पहार घालून अंगाचं सगळं वजन टाकू शकतात. उभी असताना तेवढा जोर लावता येत नाही. तळाला चार भोकं दिलेली असतात. सेफ जागेवर ठेवूनच त्यांतून हॅमर ड्रिलने अर्ध्या इंची भोकं पाडा, अँकर (काँक्रीटमध्ये फुगून घट्ट बसणारा बोल्ट) बसतो त्यापेक्षा अर्धा इंच खोल. आतली धूळ फुंकून, ब्रशने पूर्ण काढा. धूळ राहिली की वेज अँकर पकडत नाही, नट आवळताना गरागरा फिरतो. टेक्सासमधल्या पुष्कळ घरांचा पाया पोस्ट-टेन्शन स्लॅबचा असतो. त्यात ताणलेल्या पोलादी केबल असतात आणि गॅरेजच्या फरशीवर बहुधा तसा शिक्का असतो. तिथे स्लॅब स्कॅन करून घेतल्याशिवाय ड्रिल लावू नका. केबल तुटली तर जिवावर बेतू शकतं. लाकडी जमीन असेल तर बोल्ट फळीत नव्हे, खालच्या तुळईत गेले पाहिजेत.

जागा कोपऱ्यातली निवडा, हँडलची बाजू भिंतीकडे, म्हणजे कटावणी फिरवायला वाव राहत नाही. गॅरेज टाळा, दार उघडं असलं की सेफ रस्त्यावरून दिसते आणि कापायची हत्यारं तिथेच टांगलेली असतात.

कुलूप डायलचं असो वा कीपॅडचं, कारखान्याचा कोड लगेच बदला आणि दार उघडं ठेवून तीनदा तपासा. कीपॅड वाजतो पण उघडत नाही, तेव्हा बहुधा ९ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. नवी अल्कलाइन घाला. तरी अडलं तर हँडल बंद करण्याच्या दिशेने दाबून धरा, कुलपावरचा ताण सुटतो. कंपनीकडे तुमच्या सेफचा कोड असतो का, हे विचारा. २०२३ मध्ये लिबर्टी सेफ या सेफ बनवणाऱ्या कंपनीने एका ग्राहकाचा कोड वॉरंट घेऊन आलेल्या एफबीआयला दिला. त्यावर गदारोळ झाल्यानंतर ग्राहकांना आपला कोड काढून टाकायला सांगण्याची सोय झाली. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या छोट्या पेट्यांपासून तर लांबच राहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या गेल्या, कारण ठसा नोंदवलेला नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या.

जिप्सममुळे आत दमटपणा राहतो, तेव्हा छोटा हीटर रॉड तळाशी लावा. घराच्या साध्या विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांना साधारण १,५०० डॉलर आणि बंदुकांना २,५०० डॉलर एवढीच मर्यादा असते; वरची रक्कम वेगळी नोंदवून घ्यावी लागते. बंदुकांचे सीरियल नंबर आणि दागिन्यांचे फोटो सेफच्या बाहेर ठेवा.